नरम पाटे

त्याला सगळे सव्वाटन म्हणत. गाडीच्या कागदांवर एका टनाची परवानगी होती, पण हा गडी प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचा, "सव्वा टन घाला बिनधास्त, माझी गाडी आहे." अठरा वर्षं सांगत आला. फरशा, पाण्याच्या टाक्या, लोखंडी जिने, कुणाच्या अख्ख्या घराचं सामान, जे म्हणाल ते त्याच्या पिकअपच्या हौद्यात बसायचं. खरं नाव कागदावर राहिलं आणि माणूस सव्वाटन झाला. त्याची बायको इतकी लहानखुरी होती की गल्लीतल्या बायका तिला पावकिलो म्हणून चिडवत. ती चिडायची नाही, हसायची. तिला तसं कशाचंही हसू यायचं.

आता पिकअपच्या खाली कधी कुणी वाकून बघत नाही, म्हणून एवढं सांगून टाकायला हवं. मागच्या चाकांवर, दोन्ही बाजूंना, पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. सगळं ओझं पाट्यांवर. सव्वाटनच्या गाडीला कारखान्याने प्रत्येक बाजूला सात पाटे दिले होते. हे महाशय सातवर कसले भागवतात! त्याने लोहाराच्या भट्टीवर जाऊन आणखी दोन-दोन वळवून घेतले आणि नऊ करून टाकले. भरलेली गाडी मग अशी ऐटीत उभी राहायची की बाकीचे ड्रायव्हर जळायचे. पण नऊ पाटे दबायला तेवढं वजनही लागतं. गाडी रिकामी असली की ते दबायचेच नाहीत, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा जसाच्या तसा सीटपर्यंत यायचा. सव्वाटनला त्याचं काही वाटत नसे. रिकामी गाडी चालवणं म्हणजे त्याच्या लेखी दिवस फुकट गेला, मग तो धक्के खात गेला काय आणि न खाता गेला काय.

मग बायकोच्या मणक्यात गाठ निघाली.

मोठा दवाखाना चाळीस किलोमीटरवर होता. तिथे किरणांचे पंचवीस शेक घ्यायचे ठरले. डॉक्टरीणबाई त्याला भलंमोठं नाव सांगायची, पण बाकांवर बसलेले सगळे शेकच म्हणायचे. शनिवार-रविवार सोडून रोज एक, असे पाच आठवडे. मोटारीत बसायचं तर वाकावं लागतं, आणि तिला वाकता येत नव्हतं. रुग्णवाहिकेत आडवं पडावं लागतं, आणि पाठीवर पडलं की ती किंचाळायची. पिकअपची सीट मात्र तिच्या कमरेबरोबर येत होती. उभ्याउभ्या मागे टेकायचं, त्याने पाय उचलून आत घ्यायचे, झालं. तिची धाकटी बहीण त्याच दवाखान्याच्या धोबीखान्यात कामाला होती, पण ती राहायची चौघींत मिळून एका खोलीत, त्यामुळे तिथे मुक्काम करायचा प्रश्नच नव्हता. सव्वाटन बायकोला दारात उतरवायचा, मेहुणी चाकाची खुर्ची घेऊन उभी असायची, आणि तिथून पुढे बायकांच्या बाजूला पुरुषांना मज्जाव होता. हा बाहेर गाडीत बसून राहायचा.

पहिल्याच दिवशी त्याच्या ध्यानात आलं की रिकामी गाडी तिला छळते आहे. मग त्याने ड्रायव्हरी अक्कल चालवली आणि हौद्यात रेतीची पोती टाकली. गाडी वजनाने बसली की उधळत नाही, हे त्याला पाठ होतं. दवाखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी सुरुवातीला विचारायचा, "काय आणलंय?"

"रेती."

"उतरवायची कुठे?"

"कुठेच नाही. परत न्यायची आहे."

पहारेकऱ्याने तिसऱ्या दिवसापासून विचारणं सोडलं. डोक्यावर परिणाम झालेला नातेवाईक त्याने काही पहिल्यांदा पाहिला नव्हता. पण नऊ पाट्यांना अर्धा टन रेती म्हणजे किस झाड की पत्ती. गाडी आदळतच राहिली.

आठव्या शेकाच्या दिवशी, शुक्रवारी, परत येताना, पुलाच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलेला होता. त्याने गाडी अगदी पायी चालल्यासारखी घातली, तरी मागचं चाक धाडकन खाली गेलं. ती ओरडली नाही. तिचं तोंड उघडं राहिलं आणि आवाजच आला नाही. घराच्या दारात पोचल्यावर ती म्हणाली, "सोमवारपासून मी येणार नाही. घरात मरेन. ह्या सीटवर नाही मरायचं मला."

अठ्ठावीस वर्षांत तिने असं निक्षून काही सांगितलं नव्हतं. सतरा शेक बाकी होते, आणि डॉक्टरीणबाईने बजावून ठेवलं होतं की मध्येच सोडले तर आधीचे आठही वाया जातील.

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच तो सुट्या भागांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. काउंटरवरचे काका त्याला अठरा वर्षं ओळखत होते. आत येताच त्यांनी नेहमीची थट्टा काढली. "काय रे, दहावा पाटा बसवायचा का आता?"

"काढायचेत, काका. सगळे काढायचेत. तुमच्याकडचा सगळ्यात नरम सेट द्या."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू? नरम? कुणासाठी?"

"बायकोसाठी."

काका शिडी लावून वर चढले. त्यांनी दोन सेट खाली काढून काउंटरवर ठेवले. एक कंपनीचा, सात पाट्यांचा. दुसरा पाचचा, पातळ पाट्यांचा, माणसांची ने-आण करणारे घालतात तो. सव्वाटनने पाचच्या सेटवर तळहात ठेवून तो दाबून पाहिला, जणू काही गादी घ्यायला आला होता. पोलाद ते, हाताने काय दबणार! तरी त्याला तो नरमच लागला. "हाच," तो म्हणाला. "आता वजन उचलता येणार नाही, हे कळतंय ना?" काकांनी विचारलं. "वजन गेलं खड्ड्यात."

मग शॉकअप निवडायचे होते. काकांनी दोन जोड्या पुढे सरकवल्या, एक गॅसची कडक, दुसरी तेलाची नरम. "पाटे नरम घेतोयस तर शॉकअप कडक घे," त्यांनी समजावलं. "पाटा उसळतो, शॉकअप त्याला धरून थांबवतो. दोन्ही नरम घेतलेस तर गाडीला धरणारं कुणी राहणार नाही. झुलत बसेल."

त्या आठवड्यात कडक हा शब्द कानांवर पडला तरी सव्वाटनच्या अंगावर काटा येत होता. "झुलू दे की. झोप तरी लागेल तिला."

"ऐक माझं."

"काका, अठरा वर्षं मी कडकच घेत आलोय. आता नको."

काकांनी मान हलवली आणि नरम जोडी बांधायला घेतली. "बरं. खोके तेवढे जपून ठेव. नाही पटले तर केव्हाही आण, बदलून देतो. तासाभराचं तर काम आहे."

रविवारी गॅरेजमधल्या मिस्त्रीने रेतीची पोती उतरवून गाडी वर उचलली. मिस्त्री आणि सव्वाटन दोघं गाडीखाली पाठीवर पडून दिवसभर खपले. गंजलेले बोल्ट कापावे लागले, दोघांच्या हातांची सालटी निघाली. जुने नऊ-नऊ पाटे खाली आले तेव्हा सव्वाटनने ते घरी नेलेच नाहीत. भट्टीवाल्याला बोलावून तिथल्या तिथे देऊन टाकले आणि ते ढकलगाडीवरून जाताना त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मग परीक्षा घ्यायची वेळ आली. आता ही परीक्षा कशी घ्यावी? तुम्ही-आम्ही घेतली असती तर कदाचित वेगळी घेतली असती. सव्वाटन जन्मभर माल वाहत आलेला माणूस. माल फुटला नाही म्हणजे प्रवास चांगला झाला, एवढंच त्याला ठाऊक. त्याने दुकानातून अंड्यांचा एक ट्रे आणला, तीस अंडी, तो क्लीनर साइडला, म्हणजे बायको बसायची त्या डावीकडच्या जागेवर ठेवला, आणि गाडी घेऊन थेट पुलापर्यंत गेला. खणलेल्या रस्त्यावरून दोनदा गेला. एक अंडं तडकलं नाही. त्याच्या हातात स्टिअरिंग होतं, पाय दाबून बसवलेले होते, सवयीची जागा होती. त्याला गाडी लोण्यासारखी लागली. परत येताना तो एकटाच मोठमोठ्याने हसत होता. घरी आल्यावर त्याने ट्रे बायकोच्या उशाशी ठेवला आणि म्हणाला, "मोज."

तिने खरंच मोजली. एकेका अंड्याला बोट लावून तिसापर्यंत गेली. "अहो, तुम्ही माझ्यासाठी पाटे काढलेत?" तिने विचारलं. तो हात धुवायला निघून गेला.

सोमवारी ती आली. गाडी फाटा ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा तिने डोळे मिटले. खड्डे आले, गेले, धक्का म्हणून बसला नाही. सव्वाटन चोरून तिच्याकडे बघत होता. पुलावर त्याने विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान," डोळे न उघडता ती म्हणाली. "आदळत नाही."

"झोप तू. पोचलो की उठवतो."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून ती रोज गाडीत बसली की डोळे मिटायची आणि दवाखान्याच्या दारात उघडायची. सव्वाटनने हे सगळ्यांना सांगितलं. लांब दिलेल्या मुलीला फोनवर सांगितलं, "तुझी आई गाडीत बाळासारखी झोपते." पहारेकऱ्याला सांगितलं. स्टँडवरच्या ड्रायव्हरांना तर इतक्यांदा सांगितलं की ते त्याला येताना बघून चहाचा पेला घेऊन पलीकडे सरकायचे. आजारपणात माणसाला सांगण्यासारखं चांगलं असं फार थोडं हाती लागतं. त्याच्या हाती हे लागलं होतं आणि तो ते सोडत नव्हता.

ती मात्र वाळत चालली. पोटात काही ठरत नव्हतं. सकाळी अर्धी वाटी पेज घ्यायची, तीही दवाखान्यात उलटायची. डॉक्टरीणबाईने विचारलं, "उलट्या कधी होतात?" बायकोने सांगितलं, "शेकानंतर." मेहुणी शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. औषधं बदलून झाली, गोळ्या वाढवून झाल्या. अठराव्या शेकाला वजनकाट्यावर उभं करायला दोघींना धरावं लागलं. डॉक्टरीणबाईने सव्वाटनला बाहेर बोलावून सांगितलं की ह्यांच्या शरीराला शेक सोसत नाहीत, रोज उलट्या होताहेत, अंगात काही उरलेलं नाही. आता थांबवू या. घरी न्या, दुखू नये एवढं बघू.

तो म्हणाला, "सातच राहिलेत की."

"हो," ती म्हणाली. "पण थांबवू या."

त्या दिवशी त्याने गाडी इतकी हळू चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकले. ती डोळे मिटून होती.

घरी आल्यावर पुढच्या खोलीत तिचा पलंग लागला. मेहुणी रजा टाकून आली. दुखणं थांबवायच्या औषधाने बायको दिवसाचा बराच वेळ गुंगीत असायची. लोक भेटायला यायचे आणि काय बोलावं ते कुणालाच कळायचं नाही. तसाच एक दिवस दुपारी स्टँडवरचा एक ड्रायव्हर आला. थोडा वेळ बसला, घसा खाकरला, पाणी प्यायला. सव्वाटनने मग आपली एकुलती एक चांगली गोष्ट काढली. पाटे कसे शोधले, अंडी कशी ठेवली, ती रोज कशी झोपायची. "शेक सोसले नाहीत ते तिच्या नशिबाने. पण माझ्या गाडीत तिला कणभर त्रास झाला नाही. तेवढं मी केलं."

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. पाहुणा उठून गेल्यावर सव्वाटन आत गेला. मेहुणी ओट्याला पाठ लावून उभी होती.

"भावोजी, बास करा हो आता. माझ्याच्याने ऐकवत नाही."

"काय झालं?"

"ती झोपायची नाही."

त्याला कळलं नाही.

"गाडी झुलायची, भावोजी. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला. ताई म्हणायची, आधीची आदळायची पण आदळून थांबायची तरी, ही थांबतच नाही. मणका इकडून तिकडे पिळून निघायचा. डोळे उघडे ठेवले की भोवळ यायची म्हणून मिटून घ्यायची. दवाखान्यात आत नेली की पहिलं न्हाणीघर. पोटातलं सगळं बाहेर. शेकाच्या आधी, रोज. शेकाने नाही."

"डॉक्टरला तर तिने..."

"खोटं सांगितलं. तुम्हांला कळेल म्हणून. मलाही शपथ घातली. मी पाया पडले तिच्या, सांग म्हणून. तर म्हणते कशी, ते दिवसभर गाडीखाली झोपलेत माझ्यासाठी. हातांची सालटी काढून घेतलीत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी म्हणून काही निवडलंय, आणि ते किती खूश आहेत बघ. मी नाही सांगायची."

सव्वाटन खाली बसला. तिथेच, ओल्या फरशीवर. तो म्हणाला, "तासाभराचं काम होतं गं. शॉकअप बदलायचे होते फक्त. खोके माळ्यावर आहेत. तासाभराचं काम."

मेहुणी तोंडावर पदर घेऊन रडू लागली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. सात शेक झाले असते तर बायको वाचली असती का, हे डॉक्टरीणबाईलाही सांगता आलं नसतं. पण सव्वाटनला आता उरलेल्या आयुष्यात दुसरा कुठला प्रश्न पडणार नव्हता. आणि ज्या एका माणसाला हा प्रश्न विचारायचा, ते माणूस पुढच्या खोलीत गुंगीत पडलं होतं. जागं केलं असतं तरी ते हसून नाहीच म्हणालं असतं.

तो उठला आणि मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री जेवून नुकता कामाला लागला होता. सव्वाटनने किल्ली त्याच्या पुढ्यात धरली. "तू चालव."

"कुठे?"

"दवाखान्यापर्यंत. मी तिकडे बसतो."

मिस्त्रीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि किल्ली घेतली. सव्वाटन डाव्या बाजूने चढला. गाडी घेतल्यापासून ह्या जागेवर तो आज पहिल्यांदा बसत होता. समोर स्टिअरिंग नव्हतं, पायांखाली काही दाबायला नव्हतं. हात मांडीवर ठेवले, ते तिथे राहिनात.

फाट्यापर्यंत काही वाटलं नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पहिलं वळण आलं आणि गाडी हळूच एका अंगावर कलली, सावरली, पलीकडे कलली, परत अलीकडे आली. वळण केव्हाच संपलं होतं. मग एक उथळ खड्डा, धक्का मुळीच नाही, आणि त्यापुढे कितीतरी वेळ ते वर-खाली, वर-खाली. त्याचं धडधाकट शरीर सीटवर डावी-उजवीकडे सरकत होतं आणि त्याला थांबवायला काही सापडत नव्हतं. पुलाच्या अलीकडे गाडी अशी हेलकावली की त्याचे हात आपोआप मांड्यांखाली गेले आणि सीटची पुढची कड धरायला लागले.

तिथे खालच्या बाजूला रेक्झिन फाटलं होतं. त्याने वाकून पाहिलं. फाटलेलंही नव्हतं, भोकं पडली होती. एका हाताची चार, दुसऱ्या हाताची चार, आतला फोम कुरतडल्यासारखा बाहेर आलेला. त्याने आपली बोटं त्यांत घालायचा प्रयत्न केला. त्याची बोटं जाड, ती आत जाईनात.

मिस्त्रीने त्याच्याकडे बघून वेग कमी केला. "पांढरा पडलायस. थांबवू का? परत फिरू या?"

"ती कधी म्हणाली होती का, परत फिरा म्हणून?" सव्वाटन म्हणाला. "चल पुढे."